पंचवीस मेली, चौदा जखमी : आउट्रम साहेब, खानदेश आणि सातपुड्यातली अस्वले

तापीच्या काठी सारंगखेड्याला उभे राहून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची रांग दिसते. आपल्याकडे दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, शिवारात ऊस, केळी, पपई, कापूस पिकतो. अस्वलाचा आणि आपला काय संबंध, असे कोणी विचारील. पण आपल्या शेतात ऊस तोडायला आणि कापूस वेचायला जी माणसे येतात, त्यातली बरीचशी धडगाव, अक्कलकुवा, तळोदा आणि तोरणमाळ या डोंगर भागातली असतात. फाल्गुन-चैत्रात मोह गळू लागला की हीच माणसे अंधार असतानाच टोपल्या घेऊन रानात निघतात. त्याच वेळी, त्याच झाडाखाली, त्याच फुलांसाठी अस्वलही येते. मग एखाद्याचे तोंड फाटते, एखाद्याचा डोळा जातो. घरातला कर्ता माणूस जन्माचा अधू होतो.

हा प्रश्न आजचा नाही. दोनशे वर्षांपूर्वी एका तरण्या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात तो बंदुकीने सोडवायचा प्रयत्न केला. त्याचे नाव जेम्स आउट्रम. त्याला काय जमले आणि काय जमले नाही, हे दोन्ही समजून घेण्यासारखे आहे.

शेतीतज्ज्ञाचा नातू

आउट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजी इंग्लंडात डर्बीशायर परगण्यात झाला. बाप बेंजामिन आउट्रम हा नामांकित इंजिनिअर. कालवे आणि लोखंडी रुळांचे रस्ते बांधण्यात त्याचा हातखंडा होता. आईचे वडील डॉ. जेम्स अँडरसन हे शेतीवर पुस्तके लिहिणारे विद्वान. म्हणजे घराणे चांगले, पण पोरगा दोन वर्षांचा असतानाच बाप वारला आणि घरात ओढाताण सुरू झाली. आई मुलांना घेऊन स्कॉटलंडात अ‍ॅबरडीनला गेली. तिथेच त्याचे शिक्षण झाले.

१८१९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नोकरी धरून तो मुंबईला उतरला. शरीराने किरकोळ, उंची बेताची. पुण्याच्या छावणीत त्याने पलटणीचे काम शिकून घेतले आणि डुकराच्या शिकारीत नाव काढले. १८२४ मध्ये कित्तूरच्या मोहिमेत तो होता. पुढच्याच वर्षी त्याला खानदेशात पाठवले गेले. इथली दहा वर्षे हा त्याच्या आयुष्याचा पाया ठरला.

उजाड झालेला खानदेश

त्या वेळचा खानदेश आज डोळ्यापुढे आणणे कठीण आहे. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने हा मुलूख लुटला, त्यामागोमाग १८०३-०४ चा मोठा दुष्काळ आला, नंतर पेंढाऱ्यांच्या धाडी. आपल्या शहादा तालुक्यातलेच सुलतानपूर पाहा. एके काळचे भरभराटीचे शहर, पण त्या लुटीत जे मोडले ते पुन्हा सावरले नाही. गावेच्या गावे ओस पडली. जिथे नांगर चालत होता तिथे झाडोरा माजला आणि त्या झाडोऱ्यात वाघ, बिबटे, अस्वले वस्तीला आली. १८२२ या एका वर्षात खानदेशात जंगली जनावरांनी ५०० माणसे आणि २०,००० गुरे मारल्याची जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जनावर गावात घुसले असे आपण म्हणतो. खानदेशात मात्र आधी गाव मोडले, शेत पडीक राहिले आणि मगच रान गावापर्यंत आले. त्यात जनावराचा दोष कितीसा?

भिल्ल समाजाचीही त्या काळात वाताहत झाली होती. पूर्वी गावोगावी जागल्याचे काम त्यांच्याकडे असे, त्याचे हक्क त्यांना मिळत. धामधुमीत ते हक्क बुडाले, तसे अनेकजण डोंगरात गेले आणि धाडी घालू लागले. १८१८ नंतर कंपनी सरकारने त्यांच्यावर फौजा पाठवल्या. माणसे मेली, पण शांतता काही आली नाही. शेवटी १८२५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर एलफिन्स्टन यांनी धोरण बदलले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी नेमल्या गेल्या. आपल्या नंदुरबार-सुलतानपूर भागाची एजन्सी तापीकाठच्या कुकरमुंड्याला होती. आणि भिल्लांचीच एक पलटण उभी करण्याचे काम बावीस वर्षांच्या आउट्रमकडे आले. तिचे ठाणे धरणगावला होते.

निःशस्त्र गेला, शिकारी झाला

त्याआधी मुल्हेरचे बंड त्याने रातोरात कूच करून मोडले होते. तरीही भिल्लांमध्ये जाताना तो फौज घेऊन गेला नाही. त्यांच्या वस्त्यांवर हत्यार न घेता गेला, त्यांच्यात बसला, त्यांच्याबरोबर रानात हिंडला. सुरुवातीला मूठभर माणसे भरती झाली. हा आपल्याला दगा देणार, असा संशय बाकीच्यांच्या मनात होता. तो फिटला शिकारीमुळे. वाघ दिसला की साहेब पुढे आणि माग काढणारे भिल्ल बरोबर. एकदा वाघाने त्याला चांगलेच ओरबाडले, तरी भिल्लांच्या देखत त्याने त्याचे काहीच वाटून घेतले नाही, असे सांगतात. अशा गोष्टींनी माणसे त्याच्याशी बांधली गेली आणि मूठभरांची शेकडो झाली.

मात्र हेही विसरू नये की ही पलटण सरकारी कामासाठी होती. १८३० मध्ये आउट्रमने डांगवर मोहीम काढली, तेव्हा तिथल्या भिल्ल राजांना नमवण्यासाठी फौजेत भिल्ल शिपाईसुद्धा होते. भिल्लांचे रानाचे ज्ञान साहेबाने ओळखले, त्याचा मान राखला, पण ते वापरले कंपनीच्या राज्यासाठी.

शिकारीचा हिशेब

आउट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी खानदेशात १८२५ ते १८३४ या दहा वर्षांत केलेल्या शिकारीचा हिशेब त्याच्या चरित्रात छापलेला आहे. वाघ २३५ मारले, २२ जखमी. अस्वले २५ मारली, १४ जखमी. रानरेडे १२ मारले, ५ जखमी. बिबटे १६ मारले. एकूण ३२९ जनावरे. यातले ४४ वाघ आणि १ बिबट्या सोडले, तर बाकी सगळ्या वेळी आउट्रम स्वतः हजर होता. म्हणजे १९१ वाघ त्याच्या समक्ष पडले.

हे आकडे वाचून पूर्वी लोक तोंडात बोट घालत. आज ते शेतकऱ्याच्या नजरेने वाचू. वाघांच्या बाबतीत साधारण बारातला एक जखमी होऊन निसटला. अस्वलांचे तसे नाही. ३९ पैकी १४, म्हणजे तिनात एकापेक्षा जास्त अस्वले गोळी घेऊन पळाली. अस्वलाच्या अंगावर लांब दाट केस असतात, मर्माची जागा चटकन नजरेत येत नाही. त्यातून ते खडकांच्या कपारीत, घळीत राहणारे. गोळी लागली तरी जागेवर पडेल याची खात्री नाही.

आता ही चौदा अस्वले गेली कुठे? साहेब संध्याकाळी तंबूत परतला. जखमी अस्वल मात्र त्याच रानात राहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्या रानात लाकूडफाट्याला, मोहाला, डिंकाला गेले ते आसपासच्या पाड्यावरचे लोक. त्यांचे काय झाले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. दुखावलेले अस्वल किती वाईट असते हे डोंगरातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारा. दगड मारून, सुतळी बॉम्ब फेकून, कुत्री घालून अस्वल हुसकावण्याची आपल्याकडे जी हौस असते, तिचा शेवटही असाच होतो. ज्याने दगड मारला तो घरी येतो, आणि पहाटे वाटेत सापडते ती भलतीच कोणी बाई.

खानदेशानंतरचा आउट्रम

१८३५ मध्ये त्याची गुजरातेत महीकाठ्याला बदली झाली. नंतर अफगाण युद्ध, मग सिंध. तिथे सर चार्ल्स नेपियरचे सिंधच्या अमिरांविषयीचे धोरण अन्यायाचे आहे असे त्याचे मत होते, आणि ते त्याने उघडपणे मांडले. पुढे सातारा आणि बडोदा इथे तो रेसिडेंट झाला. बडोद्यातली लाचलुचपत बाहेर काढायला गेला आणि मुंबई सरकारशीच त्याचे वाकडे आले. १८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा झाले ते त्याच्याच हातून. १८५७ च्या सुरुवातीला इराणच्या मोहिमेचा तो सेनापती होता, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात लखनौला गेला. तिथे हुद्द्याने वरचढ असूनही त्याने फौजेची सूत्रे हॅवलॉककडेच राहू दिली आणि स्वतः त्याच्या हाताखाली स्वयंसेवक म्हणून लढला.

१८६० मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे तो मायदेशी परतला. ११ मार्च १८६३ रोजी फ्रान्समधल्या पो या गावी त्याचे निधन झाले आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्याला पुरले. कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात त्याचा अश्वारूढ पुतळा आहे. घोड्याचा लगाम खेचून तो मागे वळून पाहतो आहे, असा तो पुतळा. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा पारखणाऱ्याने एकदा बघावा असा.

बंदुकीने काय साधले?

खानदेशच्या मैदानातून वाघ गेला हे खरे. पण त्याचे श्रेय एकट्या बंदुकीला देता येत नाही. शांतता झाली, पडीक जमिनी पुन्हा वहितीखाली आल्या, झाडोरा तुटला, ओस गावे वसली. वाघाला लपायला जागा उरली नाही. अस्वलाला मात्र मैदानाची गरजच नव्हती. त्याला खडक, घळी, वारुळे आणि मोह हवा. ते सातपुड्यात होते, तिथेच राहिले. आउट्रम गेला, पलटण गेली, शिकारी साहेबही गेले, अस्वल अजून आहे. आपल्या अक्कलकुव्याच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीत, डुमखल इथे १९८२ मध्ये खास अस्वलांसाठी अभयारण्य झाले. तेच पुढे वाढून शूलपाणेश्वर अभयारण्य बनले. जनावराला राज्याची सीमा कळत नाही. तिकडचे अस्वल इकडे येणारच.

आणि आता बंदुकीचा रस्ता बंदच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणे हा मोठा गुन्हा आहे. तेव्हा साहेबाच्या पोतडीतली बंदूक बाजूला ठेवू, आणि त्याच्या पुढे चालणाऱ्या मागकाढ्या भिल्लाकडे जे होते ते घेऊ. साहेबाची सगळी शिकार त्या माणसाच्या डोळ्यांवर आणि कानांवर चालत असे. जनावर कुठे असते, कधी निघते, कोणत्या वाऱ्याला त्याला वास लागतो, हे त्याला ठाऊक होते. त्याच ज्ञानावर त्याच्या बायकापोरांनी पिढ्यान्‌पिढ्या अस्वलाशेजारी दिवस काढले.

अस्वलाचा स्वभाव

अस्वल माणूस खायला येत नाही. त्याचे मुख्य खाणे म्हणजे वाळवी, मुंग्या, मध, मोहाची फुले, आणि बोर, जांभूळ, टेंभरे, उंबर, बहावा यांची फळे. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेते, आणि तो आवाज बराच लांबून ऐकू येतो. नजर अधू, नाक तेज. खाण्यात दंग असले की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. मग ते दचकते, आणि दचकले की पळण्याऐवजी अंगावर येते. उभे राहून नखांनी डोके आणि तोंड धरते. मादीबरोबर पिल्ले असतील तर विचारूच नका. पिल्ले हिवाळ्यात होतात आणि पुढे कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून फिरतात. म्हणजे नेमक्या मोहाच्या हंगामात लेकुरवाळी मादी रानात असते.

सगळा घोटाळा अवचित गाठ पडण्यात आहे. ती गाठ टाळली की निम्मे काम झाले.

माणसाने काय करावे?

मोह वेचायला एकटे जाऊ नये. चार-पाच जणांनी मिळून, बोलत, गाणी म्हणत जावे. काठीला घुंगरू बांधावे, दगडावर काठी आपटत चालावे. फटफटीत उजाडल्याशिवाय झाडाखाली जाऊ नये. फुले तासाभरात पळून जात नाहीत. झाडाखालचे झुडूप आधीच तोडून ठेवावे, म्हणजे लांबूनच जनावर दिसते. पाला पेटवून जागा साफ करायची सवय मात्र सोडावी, त्यातून वणवे लागतात. त्यापेक्षा झाडाखाली जाळी अंथरली तर फूलही स्वच्छ राहते. घळीत, कपारीत, दाट करवंदीत डोकावू नये. ताजे उकरलेले वारूळ दिसले तर तिथूनच मागे फिरावे.

अस्वल समोर आलेच तर पळू नये, ते माणसापेक्षा जोरात धावते. झाडावर चढू नये, तेही चढते. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरावे आणि त्याची वाट मोकळी करून द्यावी. अंगावर आलेच तर पालथे पडावे, तोंड जमिनीकडे, दोन्ही हातांचे पंजे मानेमागे घट्ट, आणि ते लांब जाईपर्यंत हलू नये. तोंड आणि मान वाचली तर माणूस वाचतो. जखमेतून रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे, लहान जखमा साबणाच्या पाण्याने भरपूर धुवाव्यात आणि थेट सरकारी दवाखाना गाठावा. रेबीजची इंजेक्शने पूर्ण घ्यावीत. हळद, चुना, राख भरत बसू नये.

गावाने काय करावे?

ही सगळी कामे एकट्या माणसाची नव्हेत. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने मोहासारख्या गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य झाला आहे. हक्क आला तशी जबाबदारीही आली. माघ संपण्याआधी ग्रामसभेत एक ठराव करता येतो : या पाड्याने या भागात वेचायचे, उजाडल्यावरच निघायचे, गटानेच जायचे. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि वनरक्षक एकत्र बसले तर एका संध्याकाळचे काम आहे. कोणत्या घळीत मादी बसली आहे हे गुराख्याला आधी कळते. ती खबर दवंडीने किंवा फोनने साऱ्या पाड्यांवर पोचली पाहिजे.

वस्तीत अस्वल येते ते खाण्याच्या वासाने. मोहाची फुले अंगणात उघडी वाळत टाकू नयेत, रात्री घरात घ्यावीत. उष्टे-खरकटे गावाच्या कडेला फेकू नये. घराजवळची वारुळे आणि झुडपे काढावीत. पहाटे अंधारात परसाकडे जाणाऱ्या बाया अस्वलाच्या वाटेत सापडतात, तेव्हा वापरता येईल असा, पाणी असलेला संडास ही इथे अब्रूची तशीच जिवाचीही गोष्ट आहे. विहिरीला कठडा असावा. उघड्या विहिरीत पडलेले जनावर आणि ते पाहायला जमलेली गर्दी, दोन्ही धोक्यात असतात. अशा वेळी पोलिसांनी आधी गर्दी हटवावी, बाकीचे वनखाते करील.

सारंगखेड्याकडच्या उसात मात्र भीती बिबट्याची. तिथे नियम वेगळे. तोड चालू असताना लहान लेकरू फडाच्या कडेला एकटे ठेवू नये, वाकून काम करणाऱ्यांजवळ एकाने उभे राहून लक्ष ठेवावे, मुकादमाने मजुरांच्या झोपड्यांवर रात्री दिव्याची सोय करावी.

एवढे करूनही अपघात झालाच तर ताबडतोब वनखात्याला कळवावे. राज्यभर १९२६ हा त्यांचा फोन आहे. वनपाल येऊन पंचनामा करतो. २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये आणि गंभीर जखमीला ५ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे, आणि त्यात अस्वलाचा हल्ला धरलेला आहे. पंचनामा आणि सरकारी दवाखान्याचा दाखला यावाचून काही मिळत नाही. तलाठी आणि पोलीस पाटलांनी डोंगरातल्या माणसाला या कागदांसाठी हेलपाटे घालायला लावू नये. जखमी माणूस दवाखान्यात असतो, त्याची बाई कागद घेऊन फिरत असते, हे ध्यानात ठेवावे.

दहा वर्षे, ३२९ जनावरे आणि एक धाडसी साहेब, एवढे खर्ची पडूनही सातपुड्यातला मोह वेचणारा माणूस निर्धास्त झाला नाही. तो निर्धास्त होईल तो गावाच्या ठरावाने, काठीच्या घुंगराने आणि उजाडण्याची वाट पाहण्याच्या धीराने. यंदा मोह फुलण्याआधी आपल्या ग्रामसभेत हा विषय एकदा मांडा.